चुकलेले कॉल : शून्य

२४ सप्टेंबर २०२५, बुधवार

पुण्याच्या कंपनीत आमचा एक सिनियर होता. तो म्हणायचा, मशीनला हात लावला की वहीत लिहायचं. कशाला लावला, किती वाजता लावला आणि तेव्हा डोक्यात काय होतं. पहिल्या दोन गोष्टी सगळेच लिहितात, तिसरी कोणी लिहीत नाही, आणि घोळ नेमका तिथंच असतो. त्याचं ऐकून सहा वर्षांत नऊ वह्या भरल्या. ही दहावी. फरक एवढाच की या वहीत मालकही मीच आणि नोकरही मीच.

काम मिळालं. शेलूबाजारला हायवेवर सन्मती रुग्णालय आहे, साठ खाटांचं, जैन ट्रस्टचं. त्यांच्या टेलिफोन यंत्रणेचं सॉफ्टवेअर सात वर्षं जुनं आहे, ते नवं करायचं. यंत्रं दोन. एक कामावर असतं, दुसरं त्याच्या पाठीशी उभं. पहिलं पडलं तर दुसरं दहा सेकंदांत काम उचलतं. दवाखान्यातले लोक त्यांना थोरला आणि धाकटा म्हणतात. बाहेरून लाइनी दोन येतात, एक थोरल्यात, एक धाकट्यात, आणि टेलिफोन कंपनी कॉल पाळीपाळीने दोन्हींवर टाकते. कॉल कोणाच्याही लाइनीवर येवो, जो कामावर असेल तोच उचलतो. दुसरा नुसता पुढं सरकवून देतो.

कारभार चंदनाताई बघतात, ट्रस्टवाल्या केशरीचंद शेठच्या सूनबाई. बोलणं गोड, पण नजर अशी की खिशातलं पाकीट मोजून घेते. मला म्हणाल्या, "विनोदभाऊ, बाकी काहीही एखादा दिवस बंद पडलं तरी मी निभावून नेईन. हा नंबर नको." तो नंबर चाळीस गावांच्या भिंतींवर रंगवलेला आहे. साप चावला, बाळंतीण अडली, की लोक तोच लावतात. इकडून उदयसिंग रुग्णवाहिका काढतो, सोबत नर्स आणि सापाची लस. सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, सुरू झाली की हा फोन दम घेत नाही म्हणे.

मी म्हटलं, ताई, काळजी सोडा.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

ऑपरेटर भागिरथीबाई. एकोणीस वर्षं याच खुर्चीत. माझ्याकडे अशा बघतात जसा मी त्यांची खुर्ची उचलून न्यायला आलो आहे. रोजचे कॉल एका जाड वहीत पेनानं लिहितात. मी म्हटलं, बाई, हे सगळं मशीनमध्ये आपोआप नोंदलं जातं. त्या म्हणाल्या, "मशीनले आवाज वळखू येते का? आसेगावचा मानूस कदी हॅलो म्हनत नाई, थेट इचारते, कोन बोलून राह्यलं. मले तिथंच समजते का आसेगाव हाये."

आसेगाव माझंच गाव. मला हसू आलं, कारण माझी माय अगदी तसंच बोलते.

चार वेळा घंटा वाजूनही फोन उचलला गेला नाही तर जुन्या यंत्रणेत एक इंग्रजी बाई काहीतरी बोलायची. आपल्या लोकांना ते काय डोंबल कळणार. मी भागिरथीबाईंचाच आवाज भरून घेतला. सांगितलं, बाई, रोज बोलता तसंच बोला. त्या माइककडे बघून आधी पदर सारखा करत बसल्या, मग एकदमच बोलल्या, "मी भागिरथी बोलून राह्यली, सन्मती दवाखान्यातून. फोन ठेवू नका बरं. आलीच मी." पहिल्याच झटक्यात. दर वीस सेकंदांनी वाजेल. चंदनाताईंना इतकं आवडलं की त्यांनी दोनदा ऐकलं. मला वाटतं या कामात माझी स्वतःची अशी हीच एक गोष्ट आहे, बाकी सगळं पुस्तकात लिहिलेलं.

आजचे कॉल २३४. उचलले २१६. चुकले १८. हा चुकलेल्यांचा आकडा शून्यावर आणायचा.

२८ सप्टेंबर, रविवार

आसेगावला घरी. बाबा आणि माय पहाटेच वावरात गेले होते. पाऊस लांबला म्हणून सगळ्यांची सोंगणी एकदम आली आहे आणि मजूर मिळत नाही. शेजारच्या धम्मरत्न काकाची पल्लवी आमच्याकडे आठवडाभर येणार आहे. बी.ए. झाली, पोलीस भरतीची तयारी करते, रोज पहाटे रोडवर धावते. मला बघून म्हणाली, "काय विनोददादा, टेलिफोन एक्सचेंज इकत घेतलं म्हने तुमी." फार चहाटळ पोरगी आहे. मी म्हटलं, तू पोलीस झालीस की मला सलाम ठोकू नको, चहा पाज.

मायच्या फोनमध्ये दवाखान्याचा नंबर दोनच्या बटणावर टाकून दिला. दाबून धरलं की लागतो. तिची एक वाईट खोड आहे. घंटा तीनदा वाजली की हिचा धीर सुटतो, कापते आणि पुन्हा लावते. मी चांगलाच दम भरला. म्हटलं, माय, कापला की तू रांगेत मागं जातेस. बाईचा आवाज आला की समज फोन लागला. मग कितीही वेळ लागो, धरून ठेवजो.

"आन थे बाई खरीच येईन?"

"हाव. आली म्हनली का येतेच."

तिनं ते तीन-चार बायकांना बोलावून दाखवलं. माह्या पोरानं केलं, म्हणे. मी वरून वैतागलो, आतून बरं वाटलं.

२९ सप्टेंबर, सोमवार

पहाटे पाच ते आठ. आधी दोन्ही यंत्रांतल्या सगळ्या नोंदींची नक्कल काढली आणि ती उघडते का हे पाहिलं. मग धाकट्याचं सॉफ्टवेअर नवं केलं. सुरळीत.

पुस्तकातली एक ओळ जशीच्या तशी उतरवून ठेवतो: दोन यंत्रांची आवृत्ती वेगळी असेल तो काळ चार तासांपेक्षा जास्त नसावा आणि त्या काळात कोणतंही यंत्र बंद करून चालू करू नये.

चार तास वगैरे कंपन्या आपलं अंग राखायला लिहितात. पुण्यात आम्ही दोन-दोन दिवस ठेवलेलं आहे, काही झालं नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

काम धाकट्याकडे सोपवलं. सगळे टेबलावरचे फोन आणि उदयसिंगचा मोबाइल त्याच्याशी जोडले गेले. थोरला आता पाठीशी उभा. मी रस्त्यावर जाऊन माझ्या मोबाइलवरून नंबर लावला, दुसऱ्या घंटेला भागिरथीबाई. आवाज इतका स्वच्छ की त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी मांगं उभे हा का?"

आज २४१ कॉल. चुकले ०. शून्य. चंदनाताईंनी पेढे मागवले.

आता थोरल्याचं आजच करायला हवं होतं. केलं नाही. कारण लिहितो, कारण ही वही त्यासाठीच आहे. मला आज संध्याकाळी नागपूरची गाडी पकडायची होती. परवा दसरा, दीक्षाभूमीवर आमचं घर दरवर्षी जातं. यंदा सोंगणीमुळं बाबा आणि माय येत नाहीत, म्हणजे मी तरी गेलोच पाहिजे. थोरल्याला तीन तास लागतील, मधे काही अडलं तर पाच. चंदनाताईंना सांगितलं, नवं केलेलं आधी दोन दिवस चालू देऊ, परीक्षा होईल. त्यांना पटलं. मलाही जवळजवळ पटलं.

निघताना वाटलं होतं, खोलीच्या दाराला "हात लावू नये" असा कागद चिकटवावा. मग म्हटलं, ही काय शाळा आहे.

थोरला आणि धाकटा आवृत्ती वेगळी म्हणून एकमेकांबद्दल कुरकुरत आहेत. दर तासाला मला मेसेज येतो. अपग्रेडमध्ये अशी कुरकूर चालतेच. फोन सायलेंटवर टाकला.

२ ऑक्टोबर, गुरुवार, नागपूर

पायांना फोड. गर्दीत स्नेहाची चप्पल तुटली, ती अनवाणीच चालली आणि वर मलाच म्हणाली, बायकोला नवी चप्पल घ्यायची ऐपत आली का आता. पुस्तकांच्या स्टॉलवर नेहमीप्रमाणे खिसा रिकामा झाला. फार बरं वाटलं. इथं आलं की माणूस सरळ उभा राहतो.

मशीनचे एकोणपन्नास मेसेज पडलेत. उघडले नाहीत. मेसेज येतात म्हणजे यंत्र जिवंत आहे, एवढं पुरे.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

परत कामावर. यंत्रांच्या खोलीत गेलो तर थोरल्याच्या आणि धाकट्याच्या कपाळावर, म्हणजे पुढच्या पट्टीवर, हळदी-कुंकू. वर झेंडूचं एकेक फूल, खाली फरशीवर नारळाचं पाणी सांडल्याचा डाग. बुधवारी खंडेनवमी होती. केशरीचंद शेठच्या कापसाच्या जिनिंगपासूनची रीत आहे म्हणतात, यंत्राची पूजा.

मी काही बोललो नाही. इलेक्ट्रिशियन उकंडराव दारातच उभे होते, मला बघून फूल काढू का म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या. आमच्या घरात पूजा नाही, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. मी काही विचारलं असतं तर त्यांना वाटलं असतं, हा पूजेवरून बोलतो. दोन मिनिटं दोघंही उगाच फुलाकडे बघत उभे राहिलो. मग ते गेले.

हिरवे दिवे दोन्हीकडे लागलेले. कालचे कॉल ११८, चुकले ०. दसरा होता, लोक घरी असणार. थोरल्याचं सोमवारी करतो, सगळं चाललंय तर घाई कशाला.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज १२१. चुकले ०.

भागिरथीबाई त्यांची जाड वही घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. मागच्या वर्षीच्या याच आठवड्याचं पान उघडलं. दोनशे साठ, दोनशे बावन्न, दोनशे सत्तर. "सोंगनीच्या दिवसात फोन कमी? एकोनीस सालात असं नाई झालं भाऊ."

मी म्हटलं, बाई, आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, लोक थेट डॉक्टरला लावतात.

"मंग मांगच्या साली काय दगड होता हातात?"

त्यांना नवं यंत्र आवडलेलं नाही, हे मी पहिल्या दिवसापासून ओळखून आहे. मी अहवाल छापून त्यांच्या समोर ठेवला. आले १२१, उचलले १२१. त्यांनी कागद उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली. मग म्हणाल्या, "आले थे दिसते याच्यात. जे आलेच नाई थे कुठं दिसतीन?" मी म्हटलं, जे आलेच नाहीत ते कॉल नसतात, बाई.

उत्तर बरं जमलं होतं. चंदनाताई पण हसल्या.

५ ऑक्टोबर, रविवार

उदयसिंग म्हणाला, यंदा सापांनी सुट्टी घेतली काय. रुग्णवाहिका धुऊन धुऊन चकचकीत केली आहे त्यानं. चार दिवसांत सहा फेऱ्या, एरवी रोजच्या चार असतात.

स्नेहानं सकाळी मला गंमत म्हणून मोबाइलवर न करता दवाखान्याच्या नंबरवर फोन केला. म्हणाली, पहिल्यांदा नुसती भागिरथीबाईंची टेप वाजत राहिली, कापला, पुन्हा लावला तर लगेच उचलला. मी म्हटलं, आपल्या आसेगावच्या टॉवरला आधी लाज विकत घेऊन द्या. दुपारी उदयसिंगच्या मावशीचंही तेच, दोनदा लावला तवा लागला. दोघींचा टॉवर एकच नाही. उद्या बघतो.

कॉल ११५. चुकले ०. चंदनाताई म्हणाल्या, त्यांच्या माहेरच्या दवाखान्यालाही असंच करून द्या. म्हणजे दुसरं काम.

६ ऑक्टोबर, सोमवार, सकाळी सव्वाअकरा

थोरल्याचं काम आज दुपारी दोनला. चंदनाताई मीटिंगमध्ये आहेत, म्हणून बाहेर लिंबाखाली उदयसिंगसोबत चहा घेत हे लिहितो आहे. ऊन चांगलं पडलं आहे, सोयाबीन वाळेल. उदयसिंग म्हणतो, "आज तं सकायपासून एकबी नाई. बसून बसून कंबर धरली माही." मी म्हटलं, तुझी कंबर धरली म्हणजे गावं सुखी आहेत.

खिशात फोन गुरगुरला. मशीनचं रडगाणं असेल.

६ ऑक्टोबर, रात्र

जसं झालं तसं लिहितो.

अकरा पस्तीसला फोन काढला. मेसेज मशीनचे नव्हते. बाबांचे दोन कॉल येऊन गेले होते. लावला. बाबांनी विचारलं, "गाडी कुठलोक आली रे?"

मी म्हटलं, कोणती गाडी?

बाबा म्हणाले, पल्लवीला नाग चावला. पावणेअकराला. सोयाबीनची गंजी उचलताना, हाताला. मायनं दवाखान्यात फोन लावला, तो लागला, बाई बोलली, गाडी येऊन राहिली आहे.

उदयसिंग माझ्या समोर बसला होता. त्याच्या हातात चहा होता. मी त्याला काय म्हणालो ते आठवत नाही, पण तो उठला, नर्सला हाक मारली आणि गाडी काढली. मी मागे बसलो. बाबांना सांगितलं, थांबू नका, जीपमध्ये घालून समोरून या. जीप अर्ध्या रस्त्यात भेटली. मायच्या मांडीवर पल्लवीचं डोकं होतं. डोळ्यांच्या पापण्या उघडत नव्हत्या तिच्या, तोंडातून लाळ येत होती. नर्सनं तिथंच सुई लावली. दवाखान्याच्या फाटकापाशी श्वास थांबला. डॉक्टर पाऊण तास लागून होते, श्वास परत आला नाही.

पल्लवीला नाग चावल्या चावल्याच जीप बांधावर आली होती. हे मला गावातल्या माणसानं सांगितलं. मायनंच थांबवली. म्हणाली, खडखड रस्त्यानं नेता कायले, माह्या पोराच्या दवाखान्यातून गाडी निघाली, गाडीतच लस हाये, अर्ध्या घंट्याचं काम वाचते.

मायच्या हातात तेव्हाही फोन होता.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काल रात्रभर मशीनसमोर. थोरल्याची स्वतःची नोंद उघडली. आठ दिवसांत ती मी एकदाही उघडली नव्हती. अहवाल मी धाकट्याचा काढत होतो, कारण कामावर तो होता.

थोरल्याच्या मते कामावर तो आहे. बुधवार १ ऑक्टोबर, सकाळी दहा चाळीसपासून.

सोपं करून लिहितो, म्हणजे पुढं कोणालाही कळेल. थोरला बंद होऊन पुन्हा चालू झाला. उठल्यावर त्यानं विचारलं, कामावर कोण आहे? धाकटा म्हणाला, मी. पण धाकटा नव्या सॉफ्टवेअरच्या भाषेत बोलला, ते थोरल्याला कळलं नाही. त्याला वाटलं, कोणीच नाही, म्हणून तो स्वतःच कामावर बसला. तेव्हापासून त्याच्या लाइनीवर आलेला कॉल त्यानं पुढं सरकवला नाही. स्वतः उचलला. त्याच्याशी एकही टेबलाचा फोन जोडलेला नव्हता. चार घंटा वाजवल्या, मग भागिरथीबाईंची टेप लावली. आणि लावतच राहिला.

दर दुसरा कॉल.

त्याच्या नोंदीत ६३१ कॉल आहेत. उचललेले शून्य. सगळ्यांत लांब कॉल आसेगावचा, ६ ऑक्टोबर, दहा बावन्न ते अकरा तेहतीस. एक्केचाळीस मिनिटं. नंबर मायचा. टेप वीस सेकंदांनी एकदा वाजते. त्याचा गुणाकार मी केला, इथं लिहीत नाही.

अकरा वाजून पंधरा मिनिटांनी मी लिंबाखाली काय लिहीत होतो ते वर आहेच. खोडलेलं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

उकंडरावांना विचारलं. म्हातारा माणूस, विचारल्याबरोबर सगळं सांगायला लागला. रीत अशी की खंडेनवमीला यंत्राला घडीभर आराम द्यायचा. बंद करायचं, पुसायचं, कुंकू लावायचं आणि नारळ फोडून चालू करायचं. ऑक्सिजन वगैरे वगळून. "साहेब, माह्या मनानं मी लय जपलं. दोनी एका टायमाले बंद नाई केले. पयले धाकटा, थो चालू झाल्यावर मंग थोरला. फोन एक मिन्ट बंद नाई पडू देल्ला."

खरं आहे. इतकी वर्षं ते असंच करत आले आणि सात दसऱ्यांत काहीही झालं नाही. यंदा मधे मी दोघांची भाषा तोडून ठेवली होती.

मी विचारलं, "मले शुक्रवारी काहून नाई सांगतलं?"

त्यांनी खाली बघितलं. "तुमी पूजा मानत नाई. वाटलं, तुमाले वाईट वाटन. चंदनाताईबी म्हनल्या, त्याहीच्या समोर इषय नका काढू."

तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी विचारलं नाही, मला वाईट वाटेल म्हणून तुम्ही सांगितलं नाही. हे मी मोठ्यानं म्हणालो की मनात, नक्की सांगता येत नाही. एका वाक्याचं काम होतं.

पण वही माझी आहे, म्हणून हेही लिहितो. उकंडरावांचा दोष नाही. चार तासांची ओळ मी वाचली होती, उतरवलीही होती. कागद चिकटवायचा सुचला होता. स्नेहानं सांगितलं, भागिरथीबाईंनी मागच्या वर्षीचे आकडे समोर ठेवले. मी त्यांना उत्तर दिलं आणि उत्तरावर खूश झालो.

चंदनाताईंनी संध्याकाळी दार लावून घेतलं. डोळे सुजलेले होते त्यांचे, दोन रात्री झोपल्या नसाव्यात. म्हणाल्या, "विनोदभाऊ, वकील म्हणतात सध्या कोणीच काही बोलायचं नाही. विचारलं तर नेटवर्कमध्ये बिघाड होता म्हणायचं. अर्धं खरंच आहे ते. तुमचं नाव कुठंही येणार नाही." मी म्हटलं, विचार करतो. असं म्हणालो मी. लगेच नाही म्हणालो नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

थोरल्याचं सॉफ्टवेअर नवं झालं. दोघं बोलतात. रस्त्यावरून वीस वेळा नंबर लावला, वीस वेळा उचलला. आता काय त्याचं.

भागिरथीबाईंनी ६३१ कॉलची यादी मागून घेतली. तेच तेच नंबर वगळून ३८८ राहिले. कोणालाही न विचारता त्या लावायला बसल्या. "मी भागिरथी बोलून राह्यली, सन्मती दवाखान्यातून. तुमचा फोन आलता, मले उचलता नाई आला. सगळे बरे हा ना?" मी शेजारी बसून खुणा करत होतो. काहीजण म्हणाले, दुसऱ्यांदा लावला तवा लागला बाई, बरेचजण म्हणाले, वाट पाहून दुसऱ्या दवाखान्यात गेलो, बरं हाये. काहीजण तर उलट त्यांचीच विचारपूस करत होते. एकशे चाळिसाव्या नंबरवर एक म्हातारा होता. सगळं ऐकून घेतलं त्यानं आणि म्हणाला, "आता कायले?" आणि ठेवून दिला. बाईंनी त्या नंबरपुढं काहीच लिहिलं नाही. पाणी प्यायल्या आणि पुढचा लावला.

ती टेप काढून टाका, एवढंच मला म्हणाल्या. मी कालच काढली होती.

१२ ऑक्टोबर, रविवार

आसेगाव.

धम्मरत्न काकाच्या घरी जाऊन आलो. पल्लवीचे धावायचे बूट अजून ओट्यावरच आहेत. काका माझ्याशी नीट बोलले, त्यामुळं जास्त कठीण गेलं. काकू आमच्या घराकडे बघतही नाहीत. गावात मायचं नाव घेऊन म्हणतात, रुख्मिणीनं जीप थांबवली. ज्ञान पाजळलं पोराचं. पोरगी घालवली. बाबांनी हे मला हळू आवाजात सांगितलं. सहा दिवसांपासून माय विहारात गेलेली नाही, नळावरही जात नाही.

ती मागच्या खोलीत फोन घेऊन बसली होती. मला बघून म्हणाली, "बस." मग फोन माझ्या हातात दिला.

"मले एकडाव पाहून सांग. म्या दोनच दाबलं होतं. का तीन दाबलं गेलं माह्याच्यानं? हात घामेजले होते. थे बाई बोलत होती पन माह्यं आयकतच नवती. म्या तिले सांगतलं, आसेगाव, सांगतलं नागानं धरली, नाव सांगतलं पोरीचं. थे आपलं एकच म्हने, आलीच मी. म्या काही चुकीचं दाबलं असन. तुहं नाव खराब केलं म्या गावात."

खिशातला फोन गुरगुरला. चंदनाताई असतील, उद्या वकिलाकडे जायचं आहे. नेटवर्क म्हणालो तर काम राहतं, दुसरंही मिळतं आणि मायपण मान्य करेल, तिला नेटवर्क कळतं. काकूलाही थोडं कळेल. आणि गाव तरीही म्हणत राहील, जीप तिनं थांबवली.

मी तिच्या फोनमधली नोंद उघडली. दहा बावन्न. एक्केचाळीस मिनिटं. तिला वाचता येत नाही, तरी बोटानं दाखवली.

म्हटलं, "नाई माय. तू बरोबर दाबलं होतं. फोन लागला होता. म्या सांगतलं तसंच केलं तू, कापला नाई, धरून ठेवला."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणाली, "मंग?"